पडद्यावरच्या बैलाचं आवतण

आखाड संपत आला होता. दुपारचं जेवण आटोपून मी जरा कुठं आडवी झाले, तेवढ्यात लातूरहून वैनीचा फोन.

"वन्सं, पोळ्याच्या आत आपला बैल तेवढा चालू करून द्या."

ना कशी आहेस, ना काय चाललंय. मीही काही कमी नाही. म्हटलं, "बैल चालू करायला मी काय ढोरांची डॉक्टर आहे का?"

"बरं बाई, नका करू," म्हणाली. फोन मात्र ठेवला नाही. वैनी भांडायची थांबली की मला धास्ती वाटते. मग हळूच म्हणाली, "डोळ्याच्या डॉक्टरनी काचबिंदू सांगितलाय. कडंकडंनं नजर बंद होऊन राहिली. गेलेली परत येत न्हाई म्हणे, हाय ती टिकवायची. पुढल्या पोळ्याला किती दिसंल, काय सांगावं? यंदा एकदा डोळे भरून बघून घेते त्याला."

मी उठून बसले. "उद्याच येते," एवढंच म्हणाले.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वयानं माझ्याहून मोठी, पण नणंदेचा मान म्हणून अजून मला अहो-जाहो करते. आणि मी मात्र पहिल्यापासूनच्या सवयीनं तिला अगं-तुगं. ती मान देते, अन् त्याच तोंडानं टोमणेही मारते, म्हणजे फिटंफाट होते. मी लग्न केलं नाही. माझ्या तोंडापुढं नवरा टिकलाच नसता असं तिचं म्हणणं. दादा जाऊन काही वर्षं झाली. त्यांचा लेक पुण्याला असतो. लातूरच्या घरात वैनी एकटीच.

आता हा बैल काय प्रकार आहे, ते सांगायला पाहिजे. तो फ्लॉपीवर आहे.

वैनीचं माहेर देवणीकडचं. तिकडची जनावरं म्हणजे नावाजलेली. तिच्या वडलांकडं एक शेवरा होता, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला बैल. वासरू होता तेव्हापासून हिनंच त्याला हातानं चारलेलं. लग्न होऊन लातूरला आली तेव्हा आई-बापासाठी रडली नसेल तेवढी ती त्या बैलासाठी रडली. मी तेव्हा आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचं काम शिकत होते, सुट्टीत लातूरला यायचे, आणि मला ते भलतंच चमत्कारिक वाटायचं. बैलासाठी कुणी रडतं का, बाई! पुढं माहेराहून निरोप आला, शेवऱ्या म्हातारपणानं गेला. त्या दिवशी वैनी जेवली नाही.

दादा कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत कामाला होता. माणूस मुखदुर्बळ. बायकोची समजूत कशी काढायची हे त्याला कोण शिकवणार? त्याला जे जमत होतं ते त्यानं केलं. त्याच्याकडं एक घरगुती कॉम्प्युटर होता, कुणाकडून तरी जुना घेतलेला. तेव्हाचे ते कॉम्प्युटर म्हणजे एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही जोडायचा. दादानं चौकोनांचा कागद घेतला आणि एकेक चौकोन काळा करत बैल काढायला बसला. टीव्ही काळा-पांढरा, बैलही काळा-पांढरा. रंगाची अडचणच नव्हती.

पहिला बैल बघून वैनी म्हणाली, "ही शेळी हाय."

मग ती स्वतःच शेजारी बसली. "वशिंड एवढंसं? उपाशी हाय का तो? कानापाशी काळं घ्या. तिथं न्हाई हो, जरा खाली. आता कसं!" दादा खोडायचा, भरायचा, पुन्हा खोडायचा. कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नसलेली ती बाई त्याला चौकोन-चौकोन करून बैल सांगत होती. शेवटी शेवऱ्या पडद्यावर उभा राहिला, आणि दोन बटणांवर चालायलाही लागला. एका टोकाला गोठा होता. बैल गोठ्यात नेला की तो मान खाली घालून कडबा खायचा. एवढाच खेळ. दुपारची भांडी आवरली की वैनी पदर खोचून टीव्हीपुढं बसायची आणि त्याला गोठ्यात नेऊन बांधायची. देवणीकडं बोलण्यात थोडी कानडी मिसळलेली असते. बटण दाबता दाबता ती "बा, बा" म्हणायची, म्हणजे ये, ये.

एका गोष्टीवरून मात्र दोघांत कायमची कुरबुर. खऱ्या शेवऱ्याच्या मागच्या पायावर, खुराच्या जरा वर, एक बारका डाग होता, तो काही दादानं घेतला नव्हता. ती आठवण करून द्यायची, तो "पुढल्या पोळ्याला घालतो" म्हणायचा. पुढला पोळा यायचा, बैल चालायचा, दादा खूश, आणि डाग राहिलेलाच.

पोळ्याचं म्हणाल, तर शहरात ज्यांच्याकडं जनावर नाही ते मातीचे बैल पुजतात. आमच्याकडं पडद्यावरचा पुजायचे. आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. दादा टीव्हीवर शेवऱ्या आणायचा, आणि वैनी वाटीत तूप-हळद घेऊन त्या कॉम्प्युटरच्या डब्यालाच चोळायची. दादा नेमानं ओरडायचा, "अगं, तूप आत जाईल!" ती नेमानं ऐकायची नाही. मग हात जोडून बैलाला आवतण द्यायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या काचेला कुंकू आणि पुढं पुरणपोळीचं ताट. शेजारपाजारचे हसायचे. हसोत बापडे. लेक मोठा झाला, घरात नवे कॉम्प्युटर आले, मोबाईल आले, तरी दरवर्षी पोळ्याला तो डबा माळ्यावरून खाली उतरायचाच. दादा गेला, आणि तेव्हापासून तो वरच राहिला. लेक म्हणाला होता, आई, मी मोबाईलवर दुसरा मस्त बैल करून देतो, रंगीत. वैनीनं त्याला विचारलं, "दुसरा कशाला?"

तर दुसऱ्या दिवशी मी लातूर गाठलं. वैनीनं दार उघडलं आणि माझा चेहरा सापडेपर्यंत मान हळूहळू फिरवली. समोरचं तिला अजून स्वच्छ दिसतं, पण कडेचं जवळपास गेलंय. चहाची कपबशी पुढं ठेवली तर हात टेबलावरून सरकवत सरकवत नेऊन पकडते. मला रडू येईल असं वाटलं की मी भांडण काढते. म्हटलं, "डोळे दाखवायला एवढी वाट बघतात का? अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"टाकली व्हती की, तुमच्या भावापाशी. ते घेऊन गेले," ती म्हणाली. "चा घ्या, निवून राहिला."

डबा, ड्राइव्ह, टीव्ही, फ्लॉप्या सगळं बांधून मी नांदेडला माझ्या घरी घेऊन आले. आयटीआयच्या मास्तरकीतून रिटायर झाले तरी माझं कामाचं टेबल मी मोडलेलं नाही.

आधी सगळंच कॅसेटवर होतं. बैल यायला एवढा वेळ लागायचा की वैनी तोवर वरणाला फोडणी देऊन यायची, आणि निम्म्या वेळा तो येता येता मधेच अडकायचा. म्हणून दादानं कुठल्याशा ऑफिसच्या मोडीत निघालेल्या मशीनचा फ्लॉपी ड्राइव्ह पैदा केला. पण त्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडायची सोयच नव्हती. कॉम्प्युटर ड्राइव्हशी थेट बोलत नाही, मधे एक इंटरफेस कार्ड लागतं. मोटर फिरव, वाचायचं डोकं पुढच्या रेघेवर ने, वाच, थांब, असे कॉम्प्युटरचे हुकूम ते ड्राइव्हला कळतील असे करून पोचवतं, आणि ड्राइव्हनं वाचलेलं परत आणून देतं. ते कार्ड दादानं घरी बसून तयार केलं, अर्धी जोडणी माझ्या हातची. मला चिडवायला म्हणायचा, "हे कार्ड म्हणजे तूच. सासू-सुनेच्या मधली नणंद. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं." आणि वैनी आतून म्हणायची, "कार्ड बरं, आपल्या पदरचं काही घालत न्हाई."

कार्डावरचं झाकण उघडलं तर आत दादाच. म्हणजे त्याच्या कामाची घाई सगळीकडं दिसत होती. वायरी वाटेल तशा गेलेल्या, सोल्डरचे गोळे. एका कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग. तेवढा एक पुसायला माझा हात झाला नाही.

सुरू केलं तर ड्राइव्हचा दिवा लागेना, म्हणजे हुकूमच पोचत नव्हता. कार्डावरची एक आयसी मेली होती, नेमकी मोटरचा आणि ड्राइव्ह निवडायचा निरोप पुढं ढकलणारी. माझ्या डब्यात तसली सापडली, बदलली. रिबन केबल जिथं बसते त्या पट्ट्यांवर हिरवं चढलं होतं, ते खोडरबरानं घासून काढलं. केबलच्या शेवटाला रेझिस्टरची एक रांग असावी लागते. ती नसली तर निरोप टोकाला आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या निरोपाशी घोळ घालतो. ती रांग सैल झाली होती, दाबून बसवली. दिवा लागला. मी एकटीच टाळी वाजवली.

मोटर गुणगुणली, पण फ्लॉपी फिरेना. मोटरपासून चाकाला जाणारा रबरी पट्टा असतो, त्याची काकवी झाली होती. नवा कुरियरनं मागवला. तो येईपर्यंत श्रावण लागला, आणि वैनीचे फोन सुरू झाले. "व्हईल ना?" "होईल गं." "पोळ्याच्या आत?" "हाव म्हटलं ना!" फोन ठेवला की मला माझाच राग यायचा.

नवा पट्टा बसवला की चाकाचा वेग लावून घ्यावा लागतो. त्यासाठी चाकाच्या खालच्या अंगाला काळ्या-पांढऱ्या रेघांची दोन कडी छापलेली असतात, बाहेरचं एक, आतलं एक. ट्यूबलाइटच्या उजेडात चाक फिरताना त्या रेघा सरकताना दिसतात. वेग बरोबर जुळला की थांबल्यासारख्या दिसतात. एका कड्यावर पन्नास लिहिलेलं, दुसऱ्यावर साठ. आपली वीज पन्नासची, म्हणून आपण पन्नासचं कडं बघायचं. साठचं कडं परदेशातल्या विजेसाठी. आताच्या एलईडी दिव्याखाली हे नीट दिसत नाही, जुनी चोकवाली ट्यूब लागते. ती माझ्या टेबलावर अजून आहे, आणि त्यावरून मी पुष्कळ बोलणी खाल्लीत. असो.

वेग कमी-जास्त करायला एक बारका स्क्रू असतो, प्रीसेट म्हणतात त्याला. दादानं त्यावर काहीतरी लाल थापून तो पक्का केला होता. मी स्क्रूड्रायव्हर लावला, लाल थेंब मधोमध तडकला, अर्धा स्क्रूवर राहिला, अर्धा बाजूच्या अंगाला. पन्नासच्या कड्यावरच्या रेघा थांबेपर्यंत फिरवला. वेग दादानं बराच कमी ठेवलेला निघाला. म्हटलं, आपणच तपासलं ते बरं झालं. कोरी फ्लॉपी घातली, लिहून बघितलं, वाचून बघितलं. एकदम चोख.

मग बैलाची फ्लॉपी घातली. ड्राइव्हनं खर्र खर्र केलं, डोकं मागं नेलं, पुढं आणलं, पुन्हा मागं नेलं. पडद्यावर "वाचता येत नाही" असा मजकूर. पुन्हा घातली, पुन्हा तेच. दादाच्या बाकीच्या फ्लॉप्या घातल्या. एकही नाही! उजेडात धरून बघितल्या तर बुरशी नाही, ओरखडा नाही. ड्राइव्ह ठणठणीत, कार्ड ठणठणीत, नवी फ्लॉपी वाचतंय. म्हणजे जुन्या फ्लॉप्याच मेल्या. एवढ्या वर्षांनी लोहचुंबकी थर उतरतो, होतं असं. मी खुर्चीत बसून राहिले. बाकी कुणाला तोंडावर सांगितलं असतं, गेलं म्हणून. वैनीला कसं सांगू? तिच्या डोळ्यांचं एक तसलं, आणि वरून हे.

चार दिवस मी फोनच उचलला नाही. आता तुम्ही म्हणाल भित्री. होतेच. शेवटी तिनं सकाळी सकाळी गाठलं.

"काय झालं वो वन्सं? रागावला का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "रागावू नको तर काय करू? तुझ्या नवऱ्यानं कशाला काय फासून ठेवलंय! त्या स्क्रूवर ते लाल लाल काय आहे?"

वैनी हसायलाच लागली. कितीतरी दिवसांनी तिचं असं हसू ऐकलं. "अवो, ती माझी नेलपॉलिश! लग्नातली. म्याच लावली ती. हे ट्यूबखाली उताणे पडले व्हते, पोटावर ते डबडं घेऊन. थांबलं, थांबलं म्हणून वरडले, अन् मला म्हणले, शिक्का मार. मी म्हणलं, शिक्का कुठला, नेलपॉलिश हाय. म्हणले, तीच मार. अन् मग म्हणले, आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

"काय थांबलं म्हणाला?"

"मला काय म्हाईत? बाहेरच्या रेघा थांबल्या म्हणले. इवलाल्या रेघा व्हत्या, दिसत बी नव्हत्या नीट."

मी म्हटलं, "वैनी, ठेव फोन. ठेव म्हणते ना!"

ड्राइव्ह उलटा केला. स्क्रू मागं फिरवत नेला, स्क्रूवरचा लाल अर्धा तुकडा बाजूच्या अर्ध्या तुकड्याला येऊन टेकेपर्यंत. थेंब पुन्हा अख्खा दिसायला लागला. ट्यूब लावली आणि मोटर सुरू केली. पन्नासच्या कड्यावरच्या रेघा धावत सुटल्या. बाहेरच्या, साठच्या कड्यावरच्या रेघा जवळजवळ उभ्या होत्या. नव्या पट्ट्यापुरता केसभर हात मारला, आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

अरे माझ्या वेड्या दादा! बाहेरचं कडं मोठं, डोळ्याला आधी दिसतं, म्हणून घाईघाईत तेच धरून बसलास. आपल्या पन्नासच्या उजेडात साठचं कडं थांबवायचं तर चाक हळू फिरवावं लागतं, आणि त्याचा ड्राइव्ह जन्मभर हळूच फिरत राहिला. त्याच हळू चालीनं लिहायचा, त्याच हळू चालीनं वाचायचा, त्यामुळे घरात कधी काही बिघडलं नाही. बाहेरची फ्लॉपी मात्र त्याला कधीच वाचता आली नाही. मला एकदम आठवलं, मित्रांनी दिलेल्या फ्लॉप्या परत करताना तो तावातावानं म्हणायचा, "अख्ख्या लातुरात एकाला धड फ्लॉपी लिहिता येत नाही!" मी तिथंच टेबलावर डोकं ठेवून हसले. हसता हसता रडले. तो गेला तेव्हा सगळ्यांचं करण्यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं, ते त्या दिवशी झालं.

त्याची एक दुसरी फ्लॉपी, प्रयोगशाळेतल्या कसल्याशा आकड्यांची, घालून बघितली. सरसर वाचली गेली. बैलाची मात्र मुद्दाम घातली नाही. जुन्या थराला डोकं घासतं, एखाद्या खेपेला खरवडूनही जातं. एकच खेप मिळणार असेल तर ती वैनीसमोर व्हावी. थेंबाच्या तडकलेल्या जागेवर मी पुन्हा नेलपॉलिश लावली. माझ्याकडं कुठली असणार? शेजारणीकडून मागून आणली. तिनं माझ्या हातांकडं आणि तोंडाकडं असं काही बघितलं की विचारू नका.

खांदमळणीच्या दिवशी सकाळी मी एसटीत बसले. टीव्ही पायाशी, डबा आणि ड्राइव्ह मांडीवर. लोह्याच्या पुढं कंडक्टर आला. "बाई, ह्यात एवढं काय हाय?"

"बैल," मी म्हटलं.

तो हसला. "मग बरोबर हाय. उद्या सणाचं घरी पोचाय पाहिजे." अहमदपूरला गर्दी चढली तेव्हा त्यानंच लोकांना सांगून माझ्या पायाशी जागा ठेवली.

लातूरला पोचले तर वैनीनं टेबल पुसून, वर धुतलेलं कापड घालून ठेवलं होतं. स्वतः नवं लुगडं नेसलेली. वाटीत तूप-हळद कालवून तयार. मी जोडणी करेपर्यंत ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी. वर्षानुवर्षं वर्गापुढं जोडण्या करून दाखवलेली बाई मी, त्या दिवशी प्रत्येक जोड दोनदा दाबून बघितला.

फ्लॉपी आत सारली, बटण दाबलं. दिवा लागला, जड गुणगुण सुरू झाली. वैनी पुढं आली, बोटं वाटीत बुडवली आणि ड्राइव्हच्या खांद्यावर तूप चोळायला लागली. बोटं थेट झाकणाच्या फटीपाशी.

"अगं वैनी, तूप आत जाईल!" मी ओरडले.

ती थांबली. मग म्हणाली, "आता कसं बरं वाटलं. घरात वरडायला कुणी राहिलंच न्हाई बघा." आणि पुन्हा चोळायला लागली.

ड्राइव्हनं खर्र केलं. थांबला. पुन्हा खर्र. पडदा काळाच. मी मनात दादाला सांगत होते, एवढं कर बाबा, बाकी तुझ्या सगळ्या चुका माफ. आणि मग पडद्यावर गोठा आला, आणि दुसऱ्या टोकाला शेवऱ्या.

वैनीनं वाटी खाली ठेवली.

"दिसतोय का?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. मी एवढी खटपट केली म्हणून मला बरं वाटावं, एवढ्यासाठी ती खोटं बोलू शकते, मला पक्कं ठाऊक आहे. पुन्हा विचारायचा धीर होईना. तिनं खुर्ची पुढं ओढली, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली, आणि मान सावकाश फिरवायला लागली. आधी तोंड, मग वशिंड, मग पाठ. बाजारात बैल पारखतात तशी ती त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत बघत गेली. हातानं चाचपडून बटण शोधलं. "बा, बा," म्हणाली. शेवऱ्या एक पाऊल चालला. ती वाकली, मागच्या पायांपाशी तिची नजर थांबली, आणि कपाळाला आठी पडली.

"अहो," ती म्हणाली. हे मला नव्हतं. "मागच्या पायावरचा डाग यंदाबी राहिलाच की."

म्हणजे दिसत होतं. सगळं दिसत होतं तिला, नसलेला डागसुद्धा. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि ते तिला कळू नये म्हणून मी उगीच केबल हलवून बघत राहिले. मग नाक पुसून म्हटलं, "वैनी, मी घालू का तो डाग? लगेच होईल."

"खबरदार हात लावाल तर!" ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पुढल्या पोळ्याला घालतो म्हणलेत ते."